थॅलियमच्या सकाळी घेतलेला चहा

"हृदयाच्या एका भागाला रक्त कमी पोचतंय असा मला संशय आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "संशयच आहे, खात्री नाही. खात्री करायला थॅलियम करावं लागेल."

मी मान हलवली. थॅलियम हे एखाद्या गोळीचं नाव असेल असं मला वाटलं. केसपेपर उचलून मी उठले, तर मॅडम म्हणाल्या, "बसा मावशी, अजून झालं नाही."

आमच्या भागातल्या पालिकेच्या दवाखान्यात हे झालं. मी खुर्चीच्या कडेला बसले होते. मागे रांग होती आणि एक म्हातारे गृहस्थ सारखे दारातून डोकावत होते. मॅडम माझ्या हृदयाबद्दल सांगत होत्या आणि माझ्या मनात चाललं होतं की माझ्यामुळे या आजोबांचा खोळंबा होतोय. माझा स्वभावच तसा आहे. दुकानात वजन कमी दिलं तरी मी बोलत नाही.

हे लिहिलेलं कुणाला दाखवायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. पण एखाद्या बाईला हीच तपासणी सांगितली असेल आणि हे तिच्या हाती पडलं, तर तिला उपयोग व्हावा. म्हणून घडलं तसं लिहिते. लाज वाटते तेही लिहिते.

आम्ही मुंबईत चारकोपला राहतो. मी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. सकाळी पाणी आलं की खालून कळश्या वर आणते. मागच्या वर्षापासून जिना चढताना माझा खालचा जबडा दुखायला लागला. वर येऊन बसलं की थांबायचा. मला वाटलं दाढ किडली. मी लवंग धरायची, मिठाच्या पाण्याने चुळा भरायची. शेवटी दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी सगळे दात ठोकून बघितले आणि विचारलं, "बसल्यावर दुखतात का?" मी नाही म्हटलं. "चालल्यावर दुखणारा दात मी अजून पाहिला नाही. उद्याच्या उद्या छातीची पट्टी काढून घ्या."

पट्टी म्हणजे ईसीजी. छातीला, हातापायांना चिमटे लावून हृदयाच्या ठोक्यांची रेघ कागदावर काढतात. त्या रेघेत थोडा फरक निघाला. मग एको झाली. त्यात छातीवर थंड जेल लावून एक दांडी फिरवतात आणि हृदय आकुंचन कसं पावतं ते टीव्हीवर बघतात. त्यातही नक्की काही ठरेना. पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट माझ्या गुडघ्यांमुळे जमणार नव्हती. म्हणून थॅलियम.

मॅडमनी मला ते नीट समजावलं. शिरेतून एक औषध देतात, त्याला आयसोटोप म्हणतात. त्याच्यातून किरण निघतात, पण त्रास होईल इतके नाहीत. रक्त जिथे जिथे जातं तिथे हे औषध जातं. मग गॅमा कॅमेरा नावाचं मशीन छातीभोवती फिरतं आणि हृदयाचा कुठला भाग उजळला, कुठला अंधारात राहिला, त्याचे फोटो काढतं. एकदा हृदयाला पळवून फोटो काढायचे, एकदा शांत असताना. दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. "आता दुसरंच औषध वापरतात," मॅडम हसून म्हणाल्या, "पण सगळे अजून थॅलियमच म्हणतात."

"इकडेच करायचं ना?" मी विचारलं.

"आमच्याकडे कुठलं मशीन? टाऊनच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देते. तिथे नंबर लावा. बाहेर खासगीत लगेच होईल, पण ते तुम्हाला परवडेल का बघा."

ते परवडणारं नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. तोपर्यंत गोळ्या आणि जिभेखाली ठेवायची एक छोटी गोळी. पाणी आमचे हे भरू लागले. ते सिक्युरिटीत आहेत. बारा तास उभं राहून आलेला माणूस कळश्या उचलतो हे बघून मला जेवण जात नसे. एकदा ते नसताना मी दोन कळश्या आणल्या आणि पायरीवरच जबडा धरून बसले. ते आल्यावर म्हणाले, "मेलीस तर पाणी कोण पिणार हा घरात?" आणि चिडून पुन्हा बादली घेऊन खाली गेले.

तपासणीच्या सूचनांचा कागद मराठीत होता आणि मी तो पाठ केला होता. आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, कोको, कोल्ड्रिंक बंद. काही डोकेदुखीच्या गोळ्याही चालत नाहीत, कारण त्यातही कॉफीतलं तेच द्रव्य असतं. सकाळी उपाशीपोटी यायचं. चहा सोडल्यामुळे आदल्या दिवशी दुपारपासून माझं डोकं ठणकत होतं, तरी मी गोळी घेतली नाही. एवढं सगळं मी नीट केलं होतं.

आदल्या संध्याकाळी घाटकोपरहून माझे थोरले दीर, म्हणजे आमचे भाऊ, आणि जाऊबाई आले. आमच्याकडे कुठलंही मोठं काम असलं की घरातला थोरला माणूस देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. भाऊंनी पहाटे आंघोळ करून नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू हृदयाच्या कामाक भायर पडता. तिच्या वाटेत काय वाकडानाकडा आसात ता दूर कर म्हाराजा." आम्ही सगळे मागून "होय म्हाराजा" म्हणालो. माझ्यासाठी कुणी गाऱ्हाणं घालायची ती पहिलीच वेळ होती. माझे डोळे भरून आले.

गाऱ्हाणं झालं की मोठ्यांच्या हातचा चहा घेतल्याशिवाय घरातून बाहेर पडायचं नाही, अशी आमच्या घराची रीत. जाऊबाईंनी चहा केलाच होता. त्यांनी कप माझ्यापुढे धरला.

"वहिनी, मला आज चहा चालत नाही," मी म्हटलं. इतक्या हळू म्हटलं की मलाच ऐकू आलं नसेल.

"अर्धोच कप हा गो. चहा म्हणजे काय खाणा? नारळ ठेवल्यावर तसाच जातत काय कोण?"

भाऊ बघत होते. पहाटे उठून, थंड पाण्याने आंघोळ करून त्यांनी माझ्यासाठी देवाला हाक मारली होती. मी कप घेतला आणि अर्धा चहा प्यायले. डोकं दुखायचं थांबलं, हेही खरं सांगते. बरं वाटलं मला.

टॅक्सीत मी ह्यांना म्हटलं, "चहा घेतला मी."

"बघितलंय मी. गप रव गो. अर्ध्या कपान काय होतला? दोन महिन्यांनी नंबर लागलाय."

न्यूक्लिअर मेडिसिनचं, म्हणजे जिथे थॅलियम करतात ते खातं हॉस्पिटलच्या अगदी आतल्या बाजूला आहे. बाहेर किरणांचा इशारा देणारं पिवळ्या-काळ्या पंख्याचं चित्र आणि गरोदर बायांनी आत येऊ नये अशी पाटी. बाकांवर बरीच माणसं होती. माझ्या शेजारी एक ठेंगणी, काळीसावळी बाई बसली होती. वयाने माझ्याहून थोडी मोठी. पांढरी साडी, निळे काठ. तिने स्वतःहून बोलायला सुरुवात केली. नाव गयाबाई. मूळची परभणीकडची, आता गोवंडीला लेकीकडे. आयुष्यभर झाडूकाम केलेलं.

"तुझी तारीख हाय का आजची?" तिने विचारलं.

"हो."

"नशिबाची हायेस. माझी तारीख होती, त्या दिशी औषधच आलं न्हाई. आता नवी तारीख लांबची दिलीया. सिस्टर म्हनली, उपाशी येऊन बसत जा, कुनी गैरहजर राह्यलं तर त्याचं औषध तुला देऊ. तवा बसते येऊन. उपास करून करून देव पावल असं वाटतंय, पर मी देव मानत न्हाई." आणि आपल्याच बोलण्यावर ती मोठ्याने हसली. हसताना तिला धाप लागली आणि ती मधेच थांबली.

सिस्टर बाहेर आल्या. चष्मा, आवाज खणखणीत. "आजचे सगळे पेशंट आले? कालपासून चहा-कॉफी कोणी घेतली आहे का? घेतली असेल तर आत्ता बोला, नंतर नाही."

कुणी बोललं नाही. सिस्टरनी एकेकाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं तेव्हा मी नाही अशी मान हलवली. ह्यांनी माझ्या हाताला हळूच हात लावला, शाबास म्हणावं तसा.

"गयाबाई, आज सगळे हजर आहेत हो," सिस्टर म्हणाल्या. "जा, खाऊन घ्या काहीतरी."

"चला, सुटका झाली," गयाबाई उठली. "ए बाई, माझ्या पिशवीवर लक्ष ठेव. कँटीनमधून भजी-चा घेऊन येते. पोटात नुसती आग पडलीया." आणि ती भिंतीला हात लावत लावत गेली.

काही वेळाने मला आत बोलावलं. पलंगावर निजवलं, हातात सुई घातली, छातीला तारा लावल्या. बाजूच्या टेबलावर किरण अडवणाऱ्या शिशाच्या जाड नळीत माझं इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं. एक तरुण डॉक्टर आले. ते दुसऱ्या औषधाची बाटली लावत होते आणि लावता लावता समजावत होते. सगळे डॉक्टर असं समजावत नाहीत, त्यांनी समजावलं.

"मावशी, तुम्हाला पळवता येत नाही म्हणून हे औषध. याने हृदयाच्या चांगल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि ब्लॉक असलेली मागे राहते, ती आम्हाला दिसते. थोडं गरम वाटेल, छाती भरून येईल, घाबरायचं नाही. चहा घेतलेला असला तर हे औषध कामच करत नाही. मग खराब हृदयसुद्धा फोटोत चांगलं दिसतं. म्हणून तर सिस्टर एवढ्या ओरडतात."

खराब हृदयसुद्धा चांगलं दिसतं. मला एक क्षण वाटलं, दिसू दे ना. चांगलं दिसलं की ह्यांच्या सुट्ट्या थांबतील, ऑपरेशनचं नाव निघणार नाही, मी पुन्हा पाणी भरेन. सगळ्यांना हवं आहे ते त्या फोटोत निघेल. मग मला पायरीवर जबडा धरून बसलेली मी आठवले.

"चहा," मी म्हटलं.

"काय?"

"मी चहा घेतलाय. सकाळी. अर्धा कप."

डॉक्टरांचा हात बाटलीवरच राहिला. त्यांनी सिस्टरना हाक मारली. सिस्टर आल्या आणि ऐकून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो ताई! बाहेर घसा फोडून विचारलं मी तुम्हाला. मान हलवलीत ना माझ्यासमोर?"

रडू येत होतं ते मी दाबलं. त्यांनी मला आणखी बोलायला हवं होतं.

"औषध भरलेलं आहे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "गयाबाईला घेऊ या का? उपाशी होती ती." आणि त्या धावतच बाहेर गेल्या. मी तारा लावलेल्या तशीच पडून होते आणि देवाला म्हणत होते, तिला अजून कँटीन सापडलेलं नसू दे.

सिस्टर परत आल्या. "चहा पिऊन, भजी खाऊन आली. आत्ताच."

डॉक्टरांनी शिशाची नळी उचलून दुसऱ्या टेबलावर नेली. "हे उद्या नाही का देता येणार?" मी विचारलं. ते म्हणाले, "याचा जोर तासातासाला उतरतो. उद्या सकाळी यात काही राहिलेलं नसेल." ते रागावले नाहीत. हातातली सुई काढताना त्यांनी कापूस दाबून धरायला सांगितला आणि म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. उशिरा सांगितलंत, पण बरं केलंत."

बाहेर आले. ह्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "बोललीस ना? गप रव सांगितलं होतं," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे बघत राहिले.

गयाबाई बाकावर बसून लेकीला फोन करत होती. "जय भीम, पोरी. न्हाई झालं आज बी. येते." तिने फोन पदरात बांधला. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिथून निघून जाणं सोपं होतं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. सिस्टरनी फक्त खाल्लंस का एवढं विचारलं होतं.

"ताई, मी चहा घेतला होता. सिस्टरनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. खरं बोलले असते तर तुमचा नंबर लागला असता."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मग आता काय करू? पाया पडू तुझ्या?"

मी मान खाली घातली.

"दिसाया गरीब गाय, आन् काम बघा! मागल्या तारखेला लेकीनं रोज बुडवलाय माझ्यासंगं यायला. एवढ्या लांबून मी पोटाला चिमटा घेऊन येते. तुला तोंड हाय का न्हाई?"

"आहे," मी म्हटलं.

"असंल तर चल." तिने माझं मनगट पकडलं आणि मला ओढतच सिस्टरच्या टेबलाशी नेलं. सगळं वेटिंग बघत होतं. "सिस्टर, हिनं माझा नंबर खाल्ला. आता हिला बी तारीख लागंल, मला बी. दोघींला एकाच दिशी द्या. हिच्या मानगुटीवर बसून मी हिला आननार. बिनचहाची."

सिस्टरना हसू आलं, पण त्यांनी ते लपवलं. त्यांनी आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. पुढच्या एका दिवशी कुणीतरी तपासणी रद्द केली होती आणि त्याच दिवशी औषधही जास्त येणार होतं. आम्हा दोघींना काही आठवड्यांनंतरची एकच तारीख मिळाली. गयाबाईने माझा फोन नंबर सिस्टरच्या हाताने चिठ्ठीवर लिहून घेतला.

त्या तारखेच्या आदल्या दिवशी तिने मला पाच-सहा वेळा फोन केला. "पिलीस का गं?" एवढंच विचारायची आणि ठेवून द्यायची. त्या सकाळी भाऊंनी फोनवरूनच गाऱ्हाणं घातलं. मी जाऊबाईंना आधीच सांगितलं होतं, "वहिनी, माझ्यामुळे एका बाईचं औषध वाया गेलं. या वेळी नको." त्या म्हणाल्या, "माका म्हायत असता तर मी दिलो असतंय काय गो?" त्यांनाही माझ्यामुळे वाईट वाटलं. ते ओझं मी त्यांच्यावर टाकायला नको होतं असं मला अजून वाटतं.

तपासणीबद्दल सांगते. ते औषध चढायला लागलं की मानेतून, कानातून गरम वाफ गेल्यासारखं होतं. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. श्वास जड होतो. पण डॉक्टर बाजूलाच असतात आणि औषध थांबवलं की थोड्याच वेळात ते सगळं उतरतं. आयसोटोपचं इंजेक्शन तर कळतही नाही. मग बाहेर बसवून दूध-बिस्किट खायला सांगतात. नंतर कॅमेऱ्याखाली दोन्ही हात डोक्यावर घेऊन निजायचं आणि अजिबात हलायचं नाही. अंगावरचा पदर काढून हात वर करून परपुरुषासमोर निजायची मला फार लाज वाटत होती. मी सिस्टरना विचारलं, चादर मिळेल का. मिळाली. मागितली की मिळते, हे बायांनी लक्षात ठेवावं. कॅमेरा हळूहळू फिरतो, दुखत काही नाही. घरी गेल्यावर भरपूर पाणी प्यायचं आणि तो दिवस लहान मुलांना, गरोदर बाईला जवळ घ्यायचं नाही.

रिपोर्ट आम्ही दोघी एकत्रच घ्यायला गेलो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आधी माझे फोटो दाखवले. रंगीत गोल होते, दुभंगलेल्या बांगडीसारखे. "हा भाग ताण पडल्यावर काळा झाला आणि शांत असताना पुन्हा उजळला. म्हणजे स्नायू जिवंत आहे, नुसता उपाशी आहे. अँजिओग्राफी करू, रक्तवाहिनी खुली करता येईल." अँजिओग्राफी म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आतून बघतात.

मग त्यांनी गयाबाईचे फोटो लावले. तिच्या हृदयाचा एक तुकडा दोन्ही फोटोंत काळा होता. पळवलं तरी काळा, शांत असताना तरी काळा. "हा भाग मेलेला आहे. तुम्हाला कधीतरी अटॅक येऊन गेलाय, तुम्हाला कळलं नाही. तिथे रक्त पोचवून आता उपयोग नाही. ऑपरेशन नको. गोळ्यांवर सांभाळू."

गयाबाई म्हणाली, "परभणीला गॅसच्या गोळ्या दिल्या होत्या मला. महिनाभर."

मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणासाठी डॉक्टरांपुढे तोंड उघडलं. "साहेब, हिचा नंबर माझ्यामुळे गेला होता. त्या आठवड्यांत बिघडलं का हे?"

"नाही," ते लगेच म्हणाले. "हे जुनं आहे, वर्ष-दोन वर्षांचं. हा फोटो तेव्हा निघाला असता तर गोष्ट वेगळी. पण तेव्हा कुठे निघणार? सरकारी दवाखान्यात हा कॅमेरा मोठ्या शहरांत, तोही मोजक्या ठिकाणी. जिथे कॅमेरा नाही तिथला डॉक्टर ही तपासणी लिहीतच नाही. लिहून पेशंटला पाठवणार कुठे? एक तर सरळ अँजिओग्राफीला पाठवतो, नाहीतर गोळ्या देतो. पेशंटला अशी काही तपासणी असते हेच कळत नाही. बाहेर खासगीत खूप होतात. आणि आमच्याकडे कॅमेरा आहे तरी रोज जेवढं औषध येतं तेवढेच पेशंट."

माझी मोठी बहीण गावाला असते. तिलाही चढण चढताना पाठ धरते. तिला हे नाव कुणी सांगितलेलं नाही, हे माझ्या तिथेच डोक्यात आलं. मी चारकोपला राहते म्हणून चिठ्ठी मिळाली, चिठ्ठी मिळाली म्हणून नंबर, आणि मिळालेला नंबर मी अर्ध्या कप चहावर घालवला होता. डॉक्टर नाही म्हणाले तरी माझं मन निवलं नाही. गयाबाईच्या बाबतीत नाही बिघडलं. पण त्या दिवशी बिघडूही शकलं असतं, आणि त्याचा विचारही न करता मी सिस्टरसमोर मान हलवली होती.

माझी अँजिओग्राफी झाली आणि त्याच वेळी एक स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे बारीक जाळीची नळी, ती रक्तवाहिनी उघडी धरून ठेवते. दुसऱ्या दिवशी वॉर्डात डोळे उघडले तर पायाशी गयाबाई बसली होती आणि ह्यांना झापत होती, "बाई खरं बोलती आन् तुमी गप रव सांगता व्हय?" हे खाली मान घालून ऐकत होते. मला जबड्यात काही दुखत नव्हतं. ती जिना चढून आल्यामुळे अजून धापा टाकत होती.

बहिणीला मी मुंबईला आणून घेतलं आहे. तिची पट्टी काढून झाली, पुढच्या तपासण्या चालू आहेत. शेजारच्या बायकांना छातीचं, जबड्याचं, पाठीचं काही झालं की त्या मला विचारतात आणि मी सांगते. पूर्वी सांगितलं नसतं.

गयाबाईला दर महिन्याला गोळ्या न्यायला त्या हॉस्पिटलात यावं लागतं. लेकीचा रोज बुडू नये म्हणून मी तिच्याबरोबर जाते. रांगेत मी उभी राहते, ती बाकावर बसून मला सूचना करते, "पुढं सरक की गं, तो माणूस मधे घुसला बघ, बोल त्याला." मी बोलते. अजून आवाज बारीकच येतो, पण बोलते.

मागच्या खेपेला गोळ्या घेऊन आम्ही बाकावर बसलो होतो. तिच्या पायांना सूज होती. मी पुन्हा तेच काढलं. त्या सकाळचं. मी तिला किती वेळा विचारलं असेल याचा हिशेब नाही. म्हटलं, "गयाताई, एकदा तरी सांगा, मला माफ केलंत का."

"न्हाई," ती म्हणाली.

तिने गोळ्यांची पुडकी एकेक करून पिशवीत भरली, पिशवीचं तोंड बांधलं आणि माझ्या मांडीवर ठेवली, मी उचलावी म्हणून.

"माफ केलं म्हनलं की तुझं काम संपलं. मग तू कशाला येशील गोवंडीच्या बाईसंगं रांगेत उभी राह्याला? म्या काय खुळी हाय?"

मी पिशवी उचलली. तिला हाताला धरून उठवलं. जिना नको म्हणून आम्ही लिफ्टच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो. पुढच्या शुक्रवारी तिची तारीख आहे. मी जाणार आहे.